खामणेवाडीचं हळदीकुंकू

“वकीलबाई, आधी वाण घ्या, मग काय तो कायदा सांगा,” असं म्हणत मोहिते बाईंनी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि हातात चहाची गाळणी ठेवली. काखेत फाईल, एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात तिळगूळ, अशा थाटात मी व्यासपीठावर उभी होते. समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. वकील येणार म्हटल्यावर काळ्या कोटातला कुणी मिशीवाला बाप्या येईल अशी त्यांची समजूत असावी. आली होती मी, बुटकी, चष्मा सारखा नाकावर ढकलणारी.

या गोष्टीला आता दहाएक वर्षं झाली. तालुक्याच्या कोर्टात मी नवी होते. विधी सेवा समितीतर्फे गावोगाव जाऊन कायद्याची माहिती द्यायचं काम ज्येष्ठ वकिलांनी मोठ्या प्रेमाने माझ्या गळ्यात मारलं होतं. प्रेमाचं कारण एवढंच की त्या शिबिरांना काळं कुत्रं फिरकायचं नाही. खामणेवाडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मोहिते बाई मात्र वस्ताद निघाल्या. “कायद्याच्या शिबिराला एक बाई यायची नाही,” त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. “संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवते. मग बघा.” आणि खरंच, शाळेचं सभागृह ओसंडून वाहत होतं. लेकी खिडकीच्या बाजूला ओळीत बसल्या होत्या, आयांच्या साड्यांकडे बघून कुजबुजत होत्या.

गावाचं नाव आणि माणसांची नावं मी इथे बदलली आहेत. मुलींची खरी नावं तर सांगायला कायद्यानेच बंदी आहे.

कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरात ज्या गावांना स्कॉलरशिपचं वेड आहे, त्यातलंच हे एक गाव. दुसरीकडे कुस्तीचं वेड असतं, बैलगाडीच्या शर्यतीचं असतं. इथे शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीचं. यादीत आलेल्या पोराची उघड्या जीपमधून गुलाल उधळत मिरवणूक निघते आणि स्टँडवर त्याचा एवढा मोठा फोटो लागतो. परीक्षा जवळ आली की निवडक मुलं-मुली संध्याकाळी जेवून गुरुजींच्या खोलीवर अभ्यासाला जातात, तिथेच झोपतात आणि सकाळी घरी येतात. ही पद्धत तिकडे जुनी आहे. कितीतरी सज्जन शिक्षकांनी त्यापायी स्वतःच्या संसाराकडे पाठ फिरवली आहे, हेही मला ठाऊक आहे.

खामणेवाडीला हे वेड लावलं आनंदा गुरुजींनी. चाळिशीचा, सडपातळ, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस. बायको-मुलं कोल्हापुरात, आणि हा इथे एका खोलीत. सभागृहातला लाऊडस्पीकर त्यांनीच जोडला होता, सतरंज्याही त्यांनीच पोरांना घेऊन अंथरल्या होत्या. सरपंच ऐनवेळी तालुक्याला गेल्यामुळे अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांनाच बसवलं होतं. “गुरुजी हायेत म्हणून गाव हाय,” असं मला रस्त्यापासून शाळेपर्यंत जो भेटला त्याने सांगितलं. मलाही माणूस आवडला. खोटं कशाला सांगू?

लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यावरचं माझं भाषण मला पाठ होतं. कलमांचे आकडे सांगितले की बायका जांभया देतात हे एव्हाना शिकले होते, त्यामुळे मी साधंच बोलायची.

“आपण लेकरांना काय सांगतो? अनोळखी माणसानं खाऊ दिला तर घेऊ नको. बरोबर?”

“व्हय की,” बायका म्हणाल्या.

“पण लेकराचं वाईट करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. आणि त्याला अजिबात घाई नसते. आधी तो पोराला नाही, घराला जिंकतो.”

“म्हंजे कसं वो?” पुढच्याच रांगेतल्या एका बाईने विचारलं. हसरी, भरल्या अंगाची, हिरव्या काठाची साडी. तिचं नाव सुवर्णा. मघापासून तीच सगळ्यांना चिडवत होती, उखाणे घ्यायला लावत होती.

“म्हणजे असं की तुमच्या अडीनडीला तो धावून येतो. तुमचा त्याच्यावर डोळे झाकून भरवसा बसतो. मग सगळ्या पोरांतून तो एकाला निवडतो. ‘ही वेगळी आहे, हिच्यात काहीतरी आहे,’ असं म्हणतो. आईबापाची मान ताठ होते. मग तिला तो दुसऱ्यांना देत नाही ते देतो. पेन, कंपासपेटी, वेळ. हळूहळू मैत्रिणींपासून बाजूला काढतो. मग एखादं बारीकसं गुपित ठेवायला सांगतो. खाऊ दिला, घरी सांगू नको हं. पोरगी घरी सांगत नाही, हे एकदा बघून घेतलं की त्याला कळतं, ही मोठं गुपितही ठेवेल. इतकं होईपर्यंत घरच्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. उलट घरचेच पोरीला म्हणतात, जा, ते बोलावतायत ना, जा.”

बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या होत्या. मी म्हटलं भाषण रंगतंय.

“आणि अंगाला हात लावला तरच गुन्हा असं समजू नका. घाणेरडं बोलणं, मोबाईलवर नको ते दाखवणं, सारखं एकटीला गाठणं, हेही या कायद्यात बसतं. आणि तक्रारीला घाबरू नका, जबाब घ्यायला बाई अधिकारी येते, तीही साध्या कपड्यांत.”

तेवढ्यात सुवर्णा हसत मोठ्याने म्हणाली, “अवो वकीलबाई, ह्ये तर तुमी आमच्या गुरुजींचंच वर्णान केलासा की!”

सगळं सभागृह खदखदून हसलं. कुणी टाळी दिली, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हसू आलं. गुरुजी स्वतः खुर्चीत मागे रेलून हसत होते. मी हसत हसतच खिडकीकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. मुलींच्या ओळीत मागे बसलेल्या धाकट्या पोरी हसत होत्या. पुढे बसलेल्या, यंदा परीक्षेला बसणाऱ्या मुली मात्र हसत नव्हत्या. त्या सगळ्या मान वळवून गुरुजींकडे बघत होत्या. हसायचं की नाही, हे त्यांना गुरुजींच्या तोंडाकडे बघून ठरवायचं होतं.

पण पोरींच्या बघण्यावरून एखाद्याला गुन्हेगार ठरवता येतं का? मी तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य आठवेना. पाठ केलेलं भाषण असं कधी विसरत नाही मी.

गुरुजी शांतपणे उठले आणि माझ्या हातातला माइक त्यांनी अदबीने घेतला.

“मॅडमनी चांगली माहिती दिली,” ते म्हणाले. “आणि सुवर्णाताईंनी तर मला आरोपीच करून टाकला.” परत हशा. “मग असं करू. उद्यापास्नं अभ्यासिका बंद. पोरं आपापल्या घरी झोपतील. उगं कुणाला शंका नको. चालंल?”

“न्हाई न्हाई गुरुजी!” बायकांचा एकच गलका झाला. “आसं काय बोलतासा? चेष्टेनं म्हटली ती!” सुवर्णाने तर दोन्ही कान धरले. “चुकलं गुरुजी, माझी जीभच लई लांब.”

त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गाव आपल्या मुठीत आहे हे त्यांनी मला न बोलता दाखवून दिलं होतं. ते तिथेच थांबले असते तर कदाचित मी गाळणी पिशवीत टाकून एसटीने परत गेले असते, आणि संध्याकाळी त्या पोरी अंथरुणाची वळकटी घेऊन त्यांच्या खोलीकडे निघाल्या असत्या. पण त्यांना एवढ्यावर समाधान नव्हतं.

“आता आभार मानायला आपली तेजल येईल,” ते म्हणाले. “आणि मॅडम, मी कसा हाय ते तुमी तिलाच विचारा. पोरं खोटं बोलत न्हाईत. ये बाळ.”

तेजल ही सुवर्णाची मुलगी. यंदा गुरुजींनी सगळ्यांत जास्त भरवसा ठेवलेली. शाळेत पाहुणा आला की आभार तिनेच मानायचे, अशी रीत होती. दोन वेण्या, कडक इस्त्रीचा गणवेश, वयाच्या मानाने फारच नीट चालणारी पोर. ती व्यासपीठावर आली. गुरुजींनी माइक परत स्टँडला लावून तिच्या उंचीला खाली करून दिला. समोर तिची आई अभिमानाने शेजारणीच्या मांडीवर चापट मारत होती.

“घाबरायचं न्हाई,” गुरुजी म्हणाले. “मॅडमना समदं खरं खरं सांग.”

तेजल माइकसमोर उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तिच्या कपाळावर आठी पडली, अवघड गणित समोर आल्यावर हुशार पोरांच्या पडते तशी.

“गुरुजी,” ती म्हणाली, आणि तिचा बारीक आवाज लाऊडस्पीकरमधून सगळीकडे गेला, “मग आदी शपथ सुटली म्हणा की.”

कुणाला काही कळलं नाही. मागे कुणीतरी हसलं.

“कसली शपथ?” गुरुजी हसत म्हणाले. हसू फक्त तोंडावर होतं. “अभ्यासाची व्हय? ती परीक्षा झाल्यावर सुटंल. जा, बस जा.”

“अभ्यासाची न्हाई. ती दुसरी,” तेजल म्हणाली. ती उद्धटपणा करत नव्हती. तिला खरं बोलायला सांगितलं होतं, खरं बोलायच्या आड शपथ येत होती, आणि ज्याने शपथ घातली तो समोरच उभा होता. शपथ घालणाऱ्याने ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला विचारा. “खोलीवरची. तुमी घातलेली.”

बाहेर हापशावर कुणी पाणी भरत होतं ते ऐकू यायला लागलं.

सुवर्णा जागेवरच गुडघ्यांवर उठली. “तेजल,” ती म्हणाली, “कुणाची शपथ घातलीया तुला?”

“तुझी.”

“माझी?”

“कुणाला सांगितलंस तर आई मरंल, म्हणालेत.”

मी माइकचं बटण बंद केलं. गुरुजी काहीतरी बोलत होते, पोर परीक्षेच्या ताणानं बरळतीया, असंच काही. मोहिते बाई कोपऱ्यात हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. आणि मला, जी गेल्या तासाभरापासून कायदा शिकवत होती, एवढंच सुचत होतं की हे असं होऊ शकत नाही. असं भाषणात असतं, कोर्टाच्या कागदात असतं. हळदीकुंकवात नसतं.

सुवर्णा बायकांच्या मधून वाट काढत पुढे आली. मघाची हसरी बाई कुठेच नव्हती. ती लेकीसमोर उकिडवी बसली आणि तिने तिचे दोन्ही दंड धरले.

“शपथ माझी हाय न्हवं? मग मी सोडली. सुटली. बोल तू.”

तेजलने मान हलवली. “गुरुजींनी म्हणायला लागतंय.”

“त्यो न्हाई म्हणायचा गं.”

“मग कसं चालंल?” पोरीच्या डोळ्यांत आता पाणी आलं. तिने वर माझ्याकडे बघितलं. “मॅडम, आईनं म्हटलं तर चालतंय? कायद्यात बसतंय?”

मी आजवर पुष्कळ न्यायाधीशांसमोर पुष्कळ युक्तिवाद केले. पण इतक्या गांभीर्याने मला कायदा कुणीच विचारलेला नाही.

“चालतं,” मी म्हणाले. “जिची शपथ घातली, तिने सोडली की सुटते. आणि आईला काहीही होत नाही. कायदाच आहे तसा.”

असा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. मी तो तिथे उभ्या उभ्या केला आणि आजही मला तो मान्य आहे.

तेजलने सुस्कारा टाकला. “मग सांगतो,” ती म्हणाली. तिकडच्या मुली तशाच बोलतात, मुलग्यांसारख्या.

“इथे नाही,” मी तिचा हात धरला. “सगळ्यांसमोर काही सांगायचं नाही. आपण त्या वर्गात बसू. तू, आई, आणि तुला हवी असेन तर मी.”

गुरुजी दाराकडे निघाले होते. दारात बायका उठून उभ्या राहिल्या होत्या, अडवायला म्हणून नव्हे. त्यांना काय करावं तेच कळत नव्हतं. पण दार भरलं होतं. गुरुजी वळले आणि त्यांनी शेवटचं हत्यार काढलं.

“बायांनो, परीक्षा तोंडावर आलीया,” ते म्हणाले. “पोरांच्या वर्साचं वाटोळं करून घेऊ नगासा.”

मला वाटलं होतं, यावर सभागृह पेटून उठेल. तसं झालं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी चाचरत म्हणाली, “परीक्षा झाल्यावर बगूया का? गावाचं नाव...”

मला त्या म्हातारीचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

“गावाचं नाव?” सुवर्णा उभी राहिली. “आक्का, माझ्या मरणाच्या भ्यानं माझी लेक रोज त्या खोलीवर जात हुती. आनि मीच तिला अंथरूण बांधून देत हुतो.” तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मी मोहिते बाईंकडे वळले. “बाई, पोलिसांना फोन करा. हे कळल्यावर गप्प बसणं हाही गुन्हा आहे. तुम्ही मुख्याध्यापिका आहात, तुम्हाला तर जास्तच.” त्यांनी तबक खाली ठेवलं. फोन लावताना त्यांच्या बोटांचं कुंकू फोनला लागत होतं. “बाई अधिकारी पाठवा, आणि गणवेशात नको, मुली घाबरतील,” असं त्या पलीकडच्या माणसाला सांगत होत्या. माझं भाषण निदान एका माणसाने नीट ऐकलं होतं.

आम्ही तेजलला घेऊन वर्गाकडे निघालो. खिडकीपाशी पोचतो तोच मागून आवाज आला.

“आई.”

ओळीतली दुसरी एक मुलगी उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, गुरुजींकडेही नाही. समोरच्या घोळक्यात ती आपली आई शोधत होती.

“आई, माझी बी सुटली म्हण की.”

ती आई जिथे होती तिथे मटकन खाली बसली. ती नुसतीच मान हलवत राहिली, हात जोडून. शेजारच्या बायांनी तिला धरलं आणि त्याच सांगू लागल्या, “म्हण गं, म्हण, पोरगी वाट बगतीया.” शेवटी ती कशीबशी म्हणाली. तोवर तिसरी उठली होती. मग आणखी एक. ज्यांच्या लेकी बसूनच होत्या त्या बाया धावत जाऊन लेकींना विचारत होत्या, “तुला घातलीया? तुला बी घातलीया?” आणि काही जणी न विचारताच म्हणत सुटल्या होत्या, सुटली, सुटली, सुटली. गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले होते आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. आयुष्यात मी पुढे खूप खटले बघितले, पण त्या दुपारसारखी हबकले नाही कधी.

ओळीच्या टोकाला अंकिता नावाची एक मुलगी एकटीच उभी राहिली. तिची आई कुठेच दिसेना.

“हिची आई कुठे आहे?” मी विचारलं.

बायका मोहिते बाईंकडे बघायला लागल्या. मग मोहिते बाई खाली बघत म्हणाल्या, “कमल विधवा आहे. हळदीकुंकवाला... बोलावलं नव्हतं.”

दोघी-तिघी पळत गेल्या. घर जवळच होतं. कमल आली ती शेणाचे हात तसेच घेऊन, आणि दाराच्या आतच येईना. एवढ्या नटलेल्या सवाष्णी, त्यात आपण कसं जायचं, म्हणून उंबऱ्याबाहेर थांबून राहिली. काय झालंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कुणी आणि कसं?

“मला कशाला बोलीवलासा?” ती ओशाळी होऊन विचारत होती. “माझं काय काम हितं?”

अंकिता सतरंजी तुडवत दारापर्यंत गेली आणि आईसमोर उभी राहिली.

“आई, शपथ सुटली म्हण.”

कमल हसली. पोरांचा काहीतरी खेळ चाललाय आणि त्यात आज आपल्यालाही बोलावलंय, असं तिला वाटलं असावं. तिने आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं, शेणाचा हात लागू नये म्हणून मनगटानेच लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“एवढ्यासाठी व्हय गं खुळे?” ती लाडाने म्हणाली. “सुटली. घे. सुटली.”